माळ्याला शेवटी हात लावा

पत्र: आम्ही विक्रोळीच्या कन्नमवार नगरात ३८ वर्षं राहतोय. वन रूम किचन. बिल्डिंग पुनर्विकासाला गेलीय, तीन महिन्यांत घर रिकामं करून भाड्याच्या घरात जायचंय. दोन माळे, बॉक्सचा दिवाण, लोखंडी कपाट, दोन ट्रंका, सगळं गच्च भरलेलं. मागच्या महिन्यात एका रविवारी माळा खाली काढला. संध्याकाळपर्यंत घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही, यांचं-माझं कडाक्याचं वाजलं आणि रात्री साडेदहाला सगळं होतं तसं परत वर गेलं. हे म्हणतात, "लागेल कधीतरी." लेक म्हणते, "सरळ फेकून दे." सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचं लुगडं हातात घेतलं की वाटतं, मी त्यांनाच घराबाहेर काढतेय. सुरुवात कुठून करू? आणि ता. क. : त्यांचा दगडी पाटा-वरवंटा आहे. तो नेऊ की ठेवू?
— एक वाचक, विक्रोळी पूर्व

ताई,

तुमचा रविवार फसला त्याचं कारण अगदी साधं आहे. माळा आधी काढला. माळ्यावर रोजच्या वापरातलं काहीच नसतं, म्हणूनच ते वर गेलेलं असतं. तिथली प्रत्येक वस्तू हातात घेतली की तिच्यासोबत एखादं लग्न, एखादं बाळंतपण, नाहीतर एखादं भांडण खाली उतरतं. अशा चाळीस वस्तू लागोपाठ हातात आल्या की दुपारी चारपर्यंत कुणाचंही डोकं बधिर होतं. शिवाय "सगळं बाहेर काढून पलंगावर मांडा" हा सल्ला ज्यांच्या घरी एक खोली मोकळी असते त्यांच्यासाठी असतो. तुमच्या पलंगावर रात्री झोपायचं असतं.

म्हणून क्रम उलटा करा, माळा शेवटी. त्याच्याही आधी एक काम आहे: घरातून बाहेर जाणाऱ्या वाटा ठरवणं. मुंबईतल्या घरांत वस्तू साठतात त्या प्रेमापोटी कमी आणि "हे आता कुणाला द्यायचं?" याचं उत्तर नसल्यामुळे जास्त. उत्तर नसलं की वस्तू पिशवीत जाते, पिशवी दाराआड जाते आणि चार दिवसांनी पुन्हा माळ्यावर चढते.

पहिल्या आठवड्यात घरातलं काहीही हलवू नका. फक्त चौकशी करा. रद्दीवाल्याला विचारा की पेपर, वह्या-पुस्तकं आणि पुठ्ठा यांचा भाव वेगवेगळा काय देतो. तो वेगळा असतोच, पण ढीग एकत्र दिसला की सगळ्याला सर्वांत कमी भाव लागतो. भंगारवाल्यालाही लोखंड, ॲल्युमिनियम, स्टील, पितळ आणि तांबं यांचे पाच भाव विचारा आणि कागदावर लिहून ठेवा. हातात धरायचा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो मागवा. आपण आधी वजन केलेलं आहे हे समोरच्याला दिसलं की त्याचाही काटा नीट चालतो. पितळेची खात्री करायला फ्रिजवरचं लोहचुंबक पुरे. पितळेला ते चिकटत नाही, चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा.

कपड्यांच्या वाटा तीन. चांगले, घालण्याजोगे कपडे 'गूंज'सारख्या संस्थेकडे. मात्र जवळचं संकलन केंद्र कुठे, कुठल्या वारी आणि सध्या काय घेतात हे फोन करून विचारा, न विचारता चार गाठोडी घेऊन जाऊ नका. बरे कपडे बोहारणीला. फाटके सुती पुसायला किंवा गोधडीला. बोहारणीच्या बाबतीत एक सावधगिरी. वीस कपडे देऊन तुम्ही नवा टब नाहीतर आणखी एक स्टीलचा डबा घरात आणणार असाल, तर आवरणं झालं कुठे? बदल्यात पैसे मागा, भले थोडे कमी येऊ देत. नाहीतर नव्या घरात नक्की लागणारी एकच वस्तू ठरवून तेवढीच घ्या.

आता मोजमाप करा. माळ्याची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत घ्या आणि गुणाकार करा. आठ फूट लांब, तीन फूट खोल, अडीच फूट उंच असा माळा असेल तर ६० घनफूट. असे दोन म्हणजे १२०. छोटा हत्ती म्हणतो त्या टेम्पोचा हौदा साधारण सात फूट बाय पावणेपाच फूट असतो. चार फुटांपर्यंत रचला तर तो सुमारे १३० घनफूट भरतो. म्हणजे फक्त तुमचे दोन माळे नेण्यासाठी एक पूर्ण टेम्पो. आणि हल्लीच्या बऱ्याच इमारतींत माळे नसतात. भाड्याच्या घरातही नसतील तर तो टेम्पो उतरणार कुठे? नवरोबांशी वाद घालण्यापेक्षा हा हिशोब त्यांनाच करायला द्या. टेप त्यांच्या हातात, आकडे त्यांचे. "लागेल कधीतरी"ला "मग ठेवू कुठे?" हा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात समोर आला की बोलणं पुढे सरकतं.

त्याच वेळी लोखंडी कपाटही मोजा. ही कपाटं साधारण साडेसहा फूट उंच असतात. भाड्याच्या घराची लिफ्ट, जिन्याचं वळण आणि बेडरूमचं दार यांतून ते जातं का, हे घर पक्कं करायला जाल तेव्हाच बघून या. सामान हलवायच्या दिवशी कळलं तर कपाट लॉबीत आणि तुम्ही सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर.

दुसऱ्या आठवड्यापासून हात घालायचा, पण परातीच्या मापाने. घरातली मोठी परात घ्या. एका वेळी परातीत मावेल तेवढंच खाली काढायचं, त्याचा निकाल लावायचा आणि परात रिकामी झाली की दुसरी. एका बैठकीला पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस. संध्याकाळच्या कुकरआधी संपवायचं. निकाल चारच: राहणार, जाणार (आणि कुठे, ते तिथेच), दुसऱ्याची आहे, आणि ठरत नाही. "ठरत नाही"साठी एकच पिशवी. तिच्यावर तारीख घाला. ती भरली की दुसरी मिळणार नाही, आधी तिच्यातलंच काहीतरी निकालात काढायचं. ही एक अट मोडली की घरभर "नंतर बघू"च्या पिशव्या होतात आणि तुम्ही फक्त सामानाची जागा बदलत बसता.

सुरुवात जिथे मन अडकत नाही तिथून. बाथरूमची फळी, फ्रिजचं दार, औषधांचा डबा, चपलांचा रॅक, प्लास्टिकच्या पिशव्यांची पिशवी, झाकणं हरवलेले डबे आणि डबे हरवलेली झाकणं. दोन आठवडे एवढंच. हा सराव आहे, आणि त्यातून घर खरंच हलकं होतं. मुदत संपलेल्या गोळ्या स्ट्रिपसकट टाकू नका आणि संडासातही सोडू नका. गोळ्या स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात मिसळा, घट्ट बांधा आणि वेगळ्या पुडीत कचरावाल्याला सांगून द्या. इंजेक्शनच्या सुया असतील तर जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण चिकटपट्टीने बंद करून. आपल्याकडचा कचरा हाताने वेगळा केला जातो, सुई कुणाच्या तरी बोटात जाते.

स्वयंपाकघरात मात्र वेळ घ्या. आपल्याकडे भांडं म्हणजे नुसतं भांडं नसतं, त्यावर नाव घातलेलं असतं. ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं, "मामाकडून सप्रेम भेट", खाली सन. ते मोडीत घालताना हात थबकतो. ते थबकणं चुकीचं नाही, पण अशी चौदा तांब्या-भांडी असली तर चौदाही मामांचा मान राखता येणार नाही. नावाच्या बाजूने मोबाइलवर जवळून फोटो काढा, तिरप्या उजेडात धरलं तर ठिपके नीट उठून दिसतात. त्यातली दोन रोजच्या वापरात आणा. हो, वापरातच. कपाटात झाकून ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यापेक्षा रोज पाणी प्यायचा पेला मामाची आठवण जास्त काढतो. बाकीची द्या. देताना एक लक्षात घ्या, स्टीलला मोडीत फारसा भाव येत नाही. चांगल्या स्थितीतल्या स्टीलच्या टोपांना मंडळं, बालवाड्या किंवा नव्याने संसार थाटणारी कामवाली मुलगी यांच्याकडे भंगारापेक्षा जास्त किंमत आहे. पितळ-तांब्याचं उलटं. त्यांचा भाव खरा, म्हणून ती दारावर घाईत देऊ नका. दोन ठिकाणी विचारून, वजन करून द्या.

पितळी पातेलं ठेवायचं की नाही याला माझी कसोटी एकच: तुम्ही त्याला कल्हई करून घेणार आहात का? कल्हई उडालेल्या पितळेत आमटी-ताक-कोकम करता येत नाही, आंबट लागून पदार्थ कळकतो. गेल्या पाच वर्षांत कल्हईवाला शोधला नसेल तर पुढेही शोधणार नाही. घंगाळ आणि बंब ही मोठी धुडं. गावी कुणाचं घर असेल आणि ते खरंच "पाठव" म्हणत असतील तर पाठवा. ते "बघू" म्हणाले तर ते "नको" असतं.

आहेराच्या साड्या, ब्लाउजपीस, न उघडलेले डिनर सेट, भिंतीवरची तीन घड्याळं: यांत अपराधीपणाचं कारणच नाही. ब्लाउजपीस हे मुळात फिरतं चलन आहे. फक्त देताना प्रत्येकाला चिठ्ठी लावा, कुणाकडून आला ती. तोच खण त्याच वहिनींच्या ओटीत परत गेला की मग मात्र खरंच लाजायची वेळ येते.

कागद. इथे घाई करू नका, कारण रद्दीत चुकून गेलेला कागद परत येत नाही, आणि पुनर्विकासात तर घर कागदावरच उभं असतं. म्हाडाचं वाटपपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, हस्तांतराची पत्रं, देखभाल खर्चाच्या पावत्या, जुनी रेशनकार्डं, सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी वीजबिलं, सासूबाईंचा मृत्यूचा दाखला आणि नामनिर्देशनाचे कागद हे एका फायलीत. ही फाइल टेम्पोत टाकायची नाही, तुमच्या खांद्यावरच्या पर्समध्ये किंवा लेकीकडे. बिल्डरशी झालेला करार त्यातच.

सासूबाईंच्या ट्रंकेतले कागद एकेक उलगडून बघा. पोस्टाची पासबुकं, किसान विकास पत्रं, एलआयसीची पॉलिसी, एखाद्या कंपनीचे कागदी शेअर पोथीच्या पानांत सापडतात. १० वर्षं व्यवहार न झालेल्या बँक खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण ती वारसांना मागता येते. कुठल्या बँकेत काय पडलंय ते शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलं, तिथे नाव घालून बघा. शेअरवरचा लाभांश सलग ७ वर्षं कुणी घेतला नाही तर तो आणि ते शेअरही सरकारी निधीकडे जातात. तेही परत मागता येतात, फक्त त्यासाठी मूळ कागद हातात असले की काम खूप सोपं होतं. लेक "फेकून दे" म्हणते तेव्हा तिला हीच ट्रंक द्या. तिला मोबाइलवर शोधाशोध जमते आणि तिलाही कळेल की आजीची ट्रंक म्हणजे नुसती धूळ नाही.

आयकराची विवरणं आणि त्यांचे पुरावे सात-आठ वर्षांचे ठेवा, त्याआधीचे साध्या पगारदाराला लागत नाहीत. घराच्या खरेदीचे कागद मात्र कायमचे. वॉरंटीची बिलं चकचकीत थर्मल कागदावर असतील तर आजच झेरॉक्स काढा, ती शाई वर्षा-दोन वर्षांत उडते. जुन्या बँक स्टेटमेंटचे आणि आधारच्या झेरॉक्सचे तुकडे केल्याशिवाय रद्दीत देऊ नका. घरात कातरयंत्र नसेल तर बादलीत रात्रभर भिजवा, सकाळी हाताने कुस्करलं की लगदा होतो.

शालेय पुस्तकं मार्च-एप्रिलमध्ये पुढच्या इयत्तेच्या मुलाला दिली तर उपयोगाची, कारण जूनला शाळा सुरू होतात. अभ्यासक्रम बदललेली पुस्तकं कुठलीही संस्था घेत नाही, ती रद्दीच. कथा-कादंबऱ्या आणि दिवाळी अंक यांची यादी करून जवळच्या वाचनालयाला आधी दाखवा. वाचनालयांनाही जागेचा प्रश्न आहे, न सांगता आणलेला गठ्ठा त्यांना ओझं होतो. जुन्या दिवाळी अंकांचे सलग संच असतील तर ते किलोवर देऊ नका, जमवणारी माणसं आहेत. ते सुटे करू नका इतकंच.

यांच्या "लागेल कधीतरी"विषयी. नळाचे जुने वॉशर, वायरचे तुकडे, तीन पाने, सुकलेल्या रंगाचे डबे, जुन्या मिक्सरची मोटर. त्यांच्या मागे या वस्तू टाकू नका. एकदा जरी टाकल्यात तर पुढचे दोन महिने ते प्रत्येक पिशवी उघडून बघतील आणि काम थांबेल. त्यांना २० लिटरची एक बादली द्या: "यात बसेल ते तुमचं, मी हात लावणार नाही." बादलीचं झाकण लागलं पाहिजे ही एकच अट. निवडायला एक प्रश्न त्यांच्या हाती द्या: हे खाली हार्डवेअरवाल्याकडे दहा मिनिटांत, दोनशे रुपयांच्या आत मिळतं का? मिळत असेल तर दुकानदार ते तुमच्यासाठी सांभाळतोच आहे, भाडं न घेता. जुने मोबाइल, चार्जर, रिमोट भंगारवाल्याला देऊ नका, तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात आणि तो धूर विषारी असतो. ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. देण्यापूर्वी सिम काढा आणि फोन फॅक्टरी रीसेट करा. फुगलेली बॅटरी दिसली तर दाबू नका, टोचू नका, वेगळ्या डब्यात ठेवून आधी तीच द्या.

आता सासूबाई.

पहिली गोष्ट, त्यांच्या वस्तूंवर हक्क एकट्या तुमचा नाही आणि म्हणून भारही एकट्या तुमचा नको. परातीला हात लावण्याआधी नणंदा आणि दीर यांना फोन करा. एक तारीख ठरवा, महिना दीड महिना पुढची: "आईंच्या वस्तूंतलं ज्याला जे हवं ते त्या दिवशी येऊन न्या." येणार नाहीत त्यांना फोटो पाठवा. त्या तारखेनंतर जे उरेल त्याचा निर्णय तुमचा, हे त्याच फोनवर बोलून ठेवा. न विचारता एक लुगडं जरी गेलं तर पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात "आईचं ते हिरवं लुगडं कुठे गेलं गं?" हे ऐकावं लागतं. आणि सगळ्यांना विचारून उरलेलं देताना मनावरचा दगड निम्मा उतरतो.

ठेवायचं काय? त्यांच्या हाताचं जे आहे ते. पापडाचं प्रमाण लिहिलेली वही, चष्मा, जपमाळ, एक रोजचं लुगडं आणि एक ठेवणीतलं. एवढं एका छोट्या सुटकेसमध्ये राहतं. बाकीची सुती लुगडी गोधडीला द्या, याहून चांगली वाट मला माहीत नाही. एका माणसाच्या गोधडीला तीन-चार नऊवारी पुरतात. दोन गोधड्या झाल्या तर एक तुमच्या पायथ्याशी, एक नणंदेकडे. शिवायला देण्यापूर्वी लुगडी धुऊन, कडक उन्हात वाळवून, कुठे विरलंय ते उजेडासमोर धरून बघा. विरलेला भाग मधल्या थरात घालायला सांगा, काठ वर येऊ देत. सिंथेटिक साड्या त्यात मिसळू नका. त्या शिवताना घसरतात, थर गोळा होतात आणि घाम शोषत नाहीत.

जरीच्या साड्यांत घाई नको. जुन्या साडीची जर खऱ्या चांदीची असेल तर गल्लीत फिरणारे जरीवाले ती वजनावर घेतात, म्हणजे साडी जाळून चांदी काढतात. साडी घडीवर चिरली असेल तरच तो विचार करा, तोही सोनाराकडे तपासून. धड असेल तर काठ-पदर काढून लेकीला ब्लाउजला, देवघराच्या पडद्याला, उशीच्या अभ्र्याला वापरता येतो. ठेवायच्या साड्या प्लास्टिकच्या पिशवीत नकोत, मुंबईच्या दमटपणात आत पाणी धरतं आणि जर काळी पडते. जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा आणि वर्षातून दोनदा घडी बदला. डांबराच्या गोळ्या थेट कपड्यावर ठेवू नका. आणि अशा गोळ्यांत ठेवलेली झबली-दुपटी तान्ह्या बाळाला तशीच कधीच घालू नका. ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असतं, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या वासानेही फुटू शकतात. आधी धुवा, दोन दिवस उन्हात ठेवा, मगच.

देवांचं. टाक आणि कुलदैवताच्या मूर्ती तुमच्याबरोबर येणार, त्यात चर्चा नाही. वाढीव तसबिरी मात्र पिंपळाखाली ठेवून येऊ नका, तिथून त्या कचऱ्याच्या गाडीतच जातात. काच आणि चौकट वेगळी करून भंगारात द्या. साधा कागद घरी बादलीत भिजवून त्याचं पाणी कुंडीला घाला. लॅमिनेट केलेला कागद विरघळत नाही, तो ज्या मंदिराचे गुरुजी आधी विचारल्यावर "आणा" म्हणाले तिथेच न्या.

फोटोंचे चिकट पानांचे अल्बम पावसाळ्यांनी पक्के झालेले असतील. ओढू नका. शिवणाचा बारीक दोरा फोटोच्या कोपऱ्यातून घालून करवतीसारखा हलके सरकवा, बहुतेक सुटतात. काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच मोबाइलवर काढा, तो वेगळा करायला जाल तर चेहरा काचेवर राहील. लग्नाची व्हिडिओ कॅसेट असेल तर डिजिटल करून घ्यायला आत्ताच टाका. आतल्या फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर प्लेयरमध्ये घालून बघू नका, फीत चिकटून तुटते.

हे सगळं होईपर्यंत आठ आठवडे जातील. आता माळा. एव्हाना भांड्यांचं काय, कागदांचं काय, लुगड्यांचं काय, हे ठरलेलं असेल. म्हणून वरून जे येईल त्याला रस्ता तयार असेल. प्लास्टिकच्या स्टुलावर चढू नका. घडीची शिडी आणा, खाली एक माणूस धरायला. नाकाला मास्क, हातात मोजे. वर उंदरांच्या लेंड्या असतील तर झाडू कोरडा मारू नका, आधी साबणाचं पाणी फवारा आणि ओल्या फडक्याने पुसा. ओलसर, बुरशी आलेल्या कापसाच्या गाद्यांना पिंजाऱ्याकडे नेण्यात अर्थ नाही, त्या टाका. कोरड्या, कडक झालेल्या गाद्या पिंजून नव्या होतात, पण माणशी एक आणि पाहुण्यांच्या दोन, याहून जास्त नकोत. थर्माकोलचं मखर कुणी घेणार नाही, तुकडे उडू न देता मोठ्या पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात. टीव्ही-फ्रिजचे रिकामे खोके एरवी मी पहिल्या दिवशी टाकायला सांगितले असते, तुम्ही मात्र आतल्या थर्माकोलसकट ठेवा. सामान हलवायला ते विकत घ्यावे लागतात. लाकडी दिवाणावर बोटाच्या पेराने टकटक करा. पोकळ वाजला किंवा खाली बारीक माती दिसली तर वाळवी आहे, तो भाड्याच्या घरात नेऊ नका.

शेवटचा आठवडा फक्त बांधाबांधीचा ठेवा. त्यात निवडानिवड करायची नाही. उरलेली "ठरत नाही"ची पिशवी तशीच बांधून, तारखेसकट घेऊन जा.

एखाद्या दिवशी परात समोर घेऊन नुसतं रडू आलं तर परात झाकून ठेवा आणि चहा टाका. तीन महिन्यांच्या हिशोबात असे पाच-सहा दिवस आधीच धरलेले आहेत.

पाटा-वरवंट्याबद्दल: पाटा गावी जात असेल तर पाठवा, नाहीतर शेजारीपाजारी अजून चटणी वाटणारी कुणी असेल तिला विचारा. भंगारवाला दगड घेत नाही. वरवंटा मात्र ठेवा. तो कपाटाच्या खालच्या कोपऱ्यात मावतो, आणि बारशाला पाळण्याखालून द्यायला वरवंटा लागतो तेव्हा नव्या टॉवरमधल्या सगळ्या बायका तुमचंच दार वाजवतील.